टाकीवालीचं देणं

माझ्या चित्रांत वर्तुळं असतात. वर्तुळात वर्तुळ, ठिपक्यांच्या फेऱ्या. चाळीस वर्षं झाली, दुसरं फारसं काही मी काढलेलंच नाही. त्यामुळे प्रदर्शन लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हे वर्तुळ तुमच्याकडे आलं कुठून?’ त्याचं उत्तर मी बरीच वर्षं पाठ करून ठेवलं होतं. रझा, बिंदू, शून्य. कॅटलॉगात हे शब्द बरे दिसतात आणि ऐकणाराही लगेच मान डोलावतो. उत्तर खोटं नव्हतं, पण उसनं होतं. ज्यांचं मी खरोखर देणं लागते ती माणसं त्यात नव्हतीच. त्यांतल्या एकीचं तर नावही मला माहीत नाही.

आमचं घर माण तालुक्यात. पाऊस वाट चुकला तरच यायचा असा तो मुलूख. वर्षातून एकदोनदा गल्लीच्या तोंडाशी हाक ऐकू यायची, ‘टाकीयेऽऽ, जात्याला पाट्याला टाकीऽऽ’. आई हातातलं काम टाकून दाराशी जायची. गावात पिठाची गिरण होती, ज्वारीचं दळण तिकडेच जायचं. पण डाळ भरडायला, उपासाच्या भगरीला, मेतकुटाला आईला घरचं जातंच लागे. गिरणीत आधीच्या बाईची मिरची आपल्या पिठात येते, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

ज्यांनी जातं फक्त हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवलेलं पाहिलं असेल त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं आणि गुळगुळीत जात्यावर दळण पडत नाही. दाणा दोन तळ्यांच्या मध्ये नुसता लोळतो. त्याला धरून फोडायला दगडाला दात हवेत. ते झिजले की टाकी लावायची, म्हणजे दोन्ही तळ्यांच्या आतल्या अंगाला छिन्नीनं बारीक टवके पाडून दगड पुन्हा खरबरीत करायचा. पाट्याचंही तेच.

टाकीवाली आली की खुंटा धरून वरची तळी उचलायची, उपडी करायची आणि आईशी बोलता बोलता तिच्यावरून तळहात फिरवायची. दगडाकडे बघायचीसुद्धा नाही. ‘वैनी, दाणं नुसतं लोळत आसतील बगा,’ असं म्हणून बसकण मारायची. गोणपाटावर ती तळी, तिच्या दोन बाजूंना हिचे लांब केलेले दोन पाय, डाव्या हातात टाकी, उजव्यात छोटी हातोडी. सुरुवात मधल्या भोकापासून. एक फेरी झाली की तिच्याबाहेर दुसरी, मग तिसरी. चारपाच घाव घातले की उजव्या पायाच्या टाचेनं तळी थोडी सरकवायची. ती सरकवल्याचं तिच्या लक्षातही येत नसावं. टक् टक् टक् टक्, टाच. टक् टक् टक् टक्, टाच. खालची तळी मात्र जमिनीत पुरलेली. ती कशी फिरणार? मग बाईच तिच्याभोवती फिरायची, बूड न उचलता, सरकत सरकत. म्हणजे एकदा दगड फिरायचा आणि एकदा ती.

दगडाची काळी पूड तिच्या पापण्यांवर बसायची. घाव पडताना ती डोळे मिटत नसे, फक्त मान जराशी उजवीकडे वळवायची. टाकीच्या टोकाकडे तिनं बघितलेलं मला आठवत नाही, बघायची ती टोकाच्या पुढे, घाव जिथं पडायचा आहे तिथं.

मी उकिडवी बसून तासभर हे बघत राहायचे. एकदा हट्ट धरला, मला मारू दे म्हणून. ‘हात फुटंल पोरी,’ म्हणाली, आणि मग दिलीच टाकी. मी सगळा जीव एकवटून तीन घाव घातले. तिन्ही एकाच जागी पडले. मला वाटलं, काय नेम साधला! ती हसली.

‘आगं, घाव घावावर न्हाई पाडायचा. शेजारी पाडायचा. एकाच जागी मारलं तर भोक पडंल, पीठ न्हाई पडायचं.’

टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नसतं. त्यात कच येते. आई पसाभर हलकी ज्वारी वैरून ते पीठ म्हशीच्या आंबोणात टाकायची, दुसरं दळण चाळून बघायची आणि मग तिसरं घरात घ्यायची. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती शेवटची आली १९७२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस. पावसाळा म्हणायचा एवढंच. विहिरी तळाला गेल्या होत्या, गुरं विकायला काढली होती. अकरा वर्षांच्या मुलीला दुष्काळाचं जेवढं कळतं तेवढं मला कळत होतं. म्हणजे रेशनवर येणारी ती लाल मिलो खायची आणि तिची भाकरी थापताना का तुटते हे आईला विचारायचं नाही. त्या दिवशी तिनं जातं आणि पाटा दोन्ही केले. दीड रुपया झाला. आईकडे पाचाची नोट होती. तिच्याकडे मोड नाही, समोरच्या वाण्याकडेही नाही.

‘ऱ्हाऊ द्या वैनी, पुढल्या फेरीला घीन.’

‘आता कुठं जाणार?’ आईनं विचारलं.

‘खडीवर. हातोडी तीच, दगूड निराळा.’

१९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्त्यांची खडी फोडत होती, तलावांची माती वाहत होती, सुकडी खात होती. ती त्यांतलीच एक असणार. दुष्काळ सरला, हाक काही पुन्हा आली नाही. नंतर दुसरी एक टाकीवाली यायची, पण तिची टाकी आईला पसंत नव्हती. ‘ही नुसतं खरवडते,’ म्हणायची.

दुसरं देणं आमच्या चित्रकलेच्या सरांचं. एलिमेंटरी झाली आणि इंटरमिजिएटला बसायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला रोज शंभर वर्तुळं काढायला लावली. कंपास न घेता, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. मला ती शिक्षा वाटली. सर स्वतः फळ्यासमोर उभे राहायचे, हात खांद्यापासून ताठ, आणि एका दमात खडूचं वर्तुळ. सुरुवात आणि शेवट कुठं जुळले ते शोधूनही सापडायचं नाही. ‘मनगट विसर,’ म्हणायचे. ‘मनगटानं सही करायची असते. वर्तुळ खांद्यातून येतं.’ जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकाराची गोष्ट त्यांनीच सांगितली. पोपच्या माणसानं कामाचा नमुना मागितला, तर यानं ब्रशच्या एका फेऱ्यात नुसतं वर्तुळ काढून दिलं. ही गोष्ट चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं सोळाव्या शतकात लिहून ठेवली आहे, जोत्तो गेल्यावर दोनशे वर्षांनी, त्यामुळे तिच्यात किती मीठमसाला आहे देव जाणे. सरांना त्याचं काही नव्हतं. ‘पोपला दाखवायचं नाही आपल्याला, परीक्षकाला दाखवायचंय,’ म्हणायचे.

शंभर वर्तुळांचा गठ्ठा ते चाळायचे तो चांगली निवडण्यासाठी नव्हे. सगळे कागद उजेडाला एकावर एक धरायचे. आठवडाभरानं म्हणाले, ‘अगं, तुझं वर्तुळ सातावर बसतं.’ म्हणजे घड्याळात सातचा आकडा जिथं असतो तिथं माझी रेघ किंचित सपाट होते. माझ्या शेजारच्या मुलाचं दोनावर टोक यायचं. प्रत्येकाच्या हाताची एक खोड असते आणि एका वर्तुळात ती दिसत नाही, शंभरांत दिसते. सरांनी ती मोडायला सांगितली नाही. ‘माहीत असू दे,’ एवढंच म्हणाले. माझं वर्तुळ आजही सातावर बसतं. पुण्यातल्या एका समीक्षकानं त्यावर परिच्छेदभर लिहिलं होतं, पूर्णत्वाला जाणीवपूर्वक दिलेला छेद वगैरे. सर तोवर गेले होते, नाहीतर पोट धरून हसले असते.

मुंबईला शिकायला गेले आणि या दोघांनाही विसरले. विसरले म्हणण्यापेक्षा, ती माणसं चित्रकलेच्या हिशेबात धरायची असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथं रझा होते. म्हणजे माणूस तिथं नव्हता, तो १९५० मध्येच शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेलेला. पण नाव होतं, आणि १९८० च्या सुमारापासून त्यांच्या कॅनव्हासवर ठाण मांडून बसलेला तो काळा बिंदू होता. पहिल्यांदा तो समोरासमोर पाहिला तेव्हा माझी पावलं आपोआप मागे गेली. काळा गोल, त्याच्याभोवती चौकटीच्या पट्ट्या, तांबडा, पिवळा, निळा, आणि त्या गोलाचं वजन असं की भिंत कलेल असं वाटावं. हे देणं मी नाकारत नाही. एकच गोष्ट जन्मभर काढत राहिलं तरी चालतं, ही परवानगी मला रझांनी दिली.

त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते, कारण ती मी सांगत होते तेव्हा तिचा अर्थ मलाच लागला नव्हता. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात. ककैयाच्या प्राथमिक शाळेत पोराचं लक्ष लागेना, तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सगळं सोडून ह्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पुढे नागपूरची कलाशाळा, मुंबईचं जे. जे., सूझा-आरा-हुसेन यांच्याबरोबर १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, पॅरिस, १९५६ चा तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार. भिंतीवरचा ठिपका कॅनव्हासवर यायला जवळजवळ ५० वर्षं लागली. तेच तेच काढता असं लोक म्हणायला लागले तेव्हा रझा जपमाळेचा दाखला द्यायचे. २०१० च्या अखेरीस ते भारतात परतले, २०१६ मध्ये दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या शेजारी त्यांना मूठमाती दिली गेली.

जगभर नाव झालेला हा माणूस मुलाखतीत ठिपक्याचं श्रेय देत होता एका खेड्यातल्या शाळामास्तरला, नावानिशी. आणि मी? मला माझे मास्तर होते. त्यांना गाळून मी श्रेय देत होते रझांना. ही चूक लक्षात यायला मला वीस वर्षं लागली.

२००४-०५ च्या सुमारास चित्रांचा बाजार तेजीत आला. माझीही वर्तुळं विकली जाऊ लागली. एका गॅलरीचा फोन यायचा, ‘मॅडम, ते मागचं गेलं, तसंच एक निळ्यात देता का?’ दिलं. मग हिरव्यात. एका गिऱ्हाइकानं सोफ्याच्या कापडाचा तुकडा पाठवला होता, रंग जुळायला. वर्षभरात मी चौदा मोठी चित्रं केली आणि चौदाव्याला ब्रश हातात घेऊन उभी होते तेव्हा लक्षात आलं की आपण आता बघतच नाही. हात आपोआप जातो, वर्तुळ आपोआप येतं, सातावर बसतंसुद्धा आपोआप. कुठं अडखळायला होत नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, किती सफाई आलीय तुझ्या कामात. ती सफाईच मला खाऊ लागली. कुणाला सांगणार? पैसे तर येत होते. सहा महिने मी ब्रश धरला नाही.

त्याच वर्षी आई गेली आणि गावचं घर मोकळं करायची वेळ आली. भावाला घर पाडून बांधायचं होतं. जात्याची खालची तळी जमिनीतून निघेना, ती तिथंच राहिली, आता तिच्यावर फरशी आहे. वरची तळी मी गाडीत घालून पुण्याला आणली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये दगड न्यायला परवानगी नाही असं वॉचमननं सांगितलं, मग चिरीमिरी देऊन नेली. स्टुडिओत उपडी केली, हात फिरवला. गुळगुळीत. आईनं शेवटची पंचवीस वर्षं मिक्सरच वापरला, पण त्याच्या आधी जेवढं दळलं तेवढ्यानं दात गेलेच होते.

खिडकीतून उजेड तिरपा येत होता. मधल्या भोकाच्या कडेला काहीतरी दिसलं. जातं फिरताना कडेचा भाग जास्त झिजतो, मधला कमी. तिथं टवक्यांच्या दोन फेऱ्या शिल्लक होत्या. मी पातळ कागद पसरला आणि पेन्सिलीच्या शिशानं घासून ठसा घेतला. आतल्या फेरीत एकोणतीस टवके, बाहेरच्या फेरीत चाळीस. एकही दुसऱ्यावर पडलेला नाही. दोघांमध्ये कुठं जास्त अंतर, कुठं कमी, जसा दगड असेल तसं. एकसारखा एकही नव्हता, आणि दुरून बघितलं तर सगळे एकसारखेच.

आणि त्या फेऱ्यांपासून बरंच दूर, कडेला, जिथलं बाकी सगळं झिजून गेलं होतं तिथं, एक खोल भोक. करंगळीचं टोक बसेल एवढं. ते माझं होतं. तीन घाव, एकाच जागी.

त्या भोकात बोट घालून मी किती वेळ बसले होते ते सांगत नाही.

पुन्हा काम सुरू केलं ते कॅनव्हासवर नव्हे, हातकागदावर. काजळाची शाई, बोथट टोकाचा जाड ब्रश. कागद जमिनीवर, मी दोन पाय पसरून. मधून सुरुवात. एक ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा. आधीच्या ठिपक्याकडे बघायचं नाही, जिथं पडायचाय तिथं बघायचं. चार ठिपके झाले की कागद थोडा फिरवायचा. कागद मोठा असला तर आपणच सरकायचं, आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर बूड न उचलता सरकणं काय असतं ते गुडघ्यांना विचारा. पहिले दहाबारा कागद फाडले. त्यांत कच होती, सुंदर दिसायची धडपड होती. ते आंबोणात गेले असं मी मनात म्हणाले. पुढच्या कामांतली काही बरी झाली. एखाद्या कागदाला चार चार हजार ठिपके असतात, एकाला तीन आठवडे लागतात. सोफ्याला जुळवून आता कुणी मागत नाही, कारण सगळे काळेच आहेत.

तरुण मुलं येतात आणि म्हणतात, ‘कुसामासारखं वाटतं.’ यायोई कुसामा थोर बाई. १९५९ मध्ये न्यूयॉर्कला तिनं मोठाल्या कॅनव्हासवर त्याच त्याच बारीक फटकाऱ्यांची अखंड जाळी मांडली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण लहानपणी तिला ठिपके दिसायचे ते भास होते, तिला पोटात घेऊ पाहणारे, आणि त्यांना तोंड द्यायला ती ते काढत राहिली. माझे ठिपके मला कधी दिसले नाहीत. मी ते कुणाला तरी पाडताना पाहिले, मजुरीवर, जात्याला आणि पाट्याला मिळून दीड रुपयात.

आता प्रश्न आला की मी हेच सगळं सांगते. थोडं लांबतं, कॅटलॉगवाले कुरकुरतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या, दळणाऱ्या बायकांचा आवाज त्यामुळे राहिला. त्या दळणाऱ्यांचा दगड ज्यांनी दळता ठेवला, त्यांच्याबद्दल कुणाकडे काही असेल, एखादा फोटो, एखादी हाक नीट आठवत असेल, तर मला कळवा. आमची बाई कोणत्या गावची, तेही आम्ही कधी विचारलं नव्हतं.

घर आवरताना आईच्या हिशेबाच्या वह्याही निघाल्या. शाळेच्या शंभर पानी वह्या, दर वर्षाची एक. दूधवाला, वाणी, शिंपी, कासार. कुणाचं देणं फिटलं की आई त्या ओळीवर आडवी रेघ मारायची. १९७२ च्या वहीत सगळ्या ओळींवर रेघ आहे, एक सोडून. ‘टाकीवाली, दे. रु. १.५०.’

१९७३ ची वही उघडली. पहिल्याच पानावर, वरच्या बाजूला, तीच ओळ पुन्हा लिहिलेली. १९७४ मध्येही. शेवटची वही १९९१ ची आहे. तिच्यातही आहे.